धसकटापासून बॉयलरपर्यंत : नाशिक जिल्ह्यातील पीक-अवशेषांचे संकलन, साठवण आणि पुरवठा

पिकाचा दाणा घरात आला, ऊस कारखान्यावर गेला, बोंडातला कापूस वेचून झाला की शेतात आणि खळ्यावर जे मागे राहते त्याला पीक-अवशेष म्हणतात. हा शब्द सरकारी कागदावरचा आहे. शेतकऱ्याकडे त्यासाठी असा एकच शब्द नाही. भाताचा तो पेंढा, गव्हाचा आणि सोयाबीनचा भुसा, ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमड, उसाचे पाचट, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, मक्याच्या बिट्ट्या. आणि कापणीनंतर जमिनीत रुतून राहतात ती धसकटे. नावे वेगळी आहेत कारण उपयोग वेगळे आहेत. कडबा म्हणजे दावणीची वर्षभराची बेगमी, तुराट्या म्हणजे कुडाची भिंत, बिट्ट्या म्हणजे चुलीचे जळण. जैवइंधनाच्या हिशेबात मात्र हे सगळे ‘बायोमास’ या एका रकान्यात टनांनी लिहिले जाते. नाशिकसारख्या जिल्ह्यात या विषयाचा विचार करायचा तर आधी तो रकाना मोडून त्यातल्या वस्तू पुन्हा वेगळ्या काढाव्या लागतात.

अवशेषांपासून इंधन करण्याच्या वाटा मोजक्या आहेत. सर्वांत जुनी आणि सोपी वाट म्हणजे ते कोरडे करून, बारीक करून, दाबाखाली त्यांचे ठोकळे किंवा कांड्या पाडणे. जाड ठोकळ्याला ब्रिकेट म्हणतात, बाजारात त्याचे नाव पांढरा कोळसा. बोटाएवढ्या कांड्यांना पेलेट म्हणतात. दुसरी वाट बंद टाकीत कुजवून वायू काढण्याची. तो शुद्ध करून दाबाखाली भरला की वाहनांत चालणारा सीबीजी तयार होतो. तिसरी वाट काडीतल्या सेल्युलोजची साखर करून ती आंबवण्याची. या इथेनॉलला दुसऱ्या पिढीचे इथेनॉल म्हणतात. चौथी गॅसिफायरची, म्हणजे अपुऱ्या हवेत जाळून ज्वलनशील वायू मिळवण्याची. महाराष्ट्रात या चौथ्या वाटेवर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (नारी) उसाच्या पाचटासारख्या सुट्या, हलक्या पाल्यावर काम केले. संस्थेचे अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकातच तालुका हा ऊर्जेच्या स्वयंपूर्णतेचा घटक धरावा अशी मांडणी केली होती. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेला (आरती) पाचटाचा कोळसा करण्याच्या भट्टीसाठी २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. वाट कोणतीही असो, तिच्या आरंभी तोच प्रश्न उभा असतो: विखुरलेली, हलकी, ठराविक आठवड्यांतच मिळणारी काडी वर्षभर एका दारात कशी आणायची?

गेल्या काही वर्षांत धोरणाने या प्रश्नाला घाई आणली आहे. राष्ट्रीय जैवइंधन धोरण २०१८ मध्ये आले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सीबीजी खरेदीची ‘सतत’ योजना सुरू झाली, २०१९ मध्ये दुसऱ्या पिढीच्या इथेनॉलसाठी ‘जीवन’ योजना आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने कोळशावरच्या वीजकेंद्रांना कोळशाबरोबर पाच टक्के, आणि पुढे सात टक्के, जैव-पेलेट जाळण्याचे बंधन घातले. २०२५-२६ पासून शहरी वायूमध्ये सीबीजी मिसळण्याचे प्रमाणही एक टक्क्यापासून चढत्या क्रमाने ठरवून दिले आहे. मागणी अशी कायद्याने उभी राहिली. पुरवठा कायद्याने उभा राहत नाही. त्याला माणसे, यंत्रे, शेड आणि रस्ते लागतात.

देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन शेती-अवशेष निर्माण होतात आणि त्यांतले सुमारे २३ कोटी टन शिल्लक राहतात, असा केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयासाठी झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. या दोन आकड्यांमधली तफावत जितकी मोलाची तितकीच नाजूक आहे. पिकाच्या उत्पादनाला एका ठराविक गुणोत्तराने गुणले की एकूण अवशेष निघतात. हे काम टेबलावर बसून होते. शिल्लक किती, हे मात्र गोठ्यात, चुलीजवळ आणि बांधावर जाऊनच कळते. एकाच गावात दोन म्हशी असलेल्या घरात मक्याचा चारा शिल्लक नसतो आणि शेजारच्या जनावरे विकलेल्या घरात तो पेटवून दिला जातो. म्हणून जिल्ह्याची शिल्लक तालुक्यागणिक, पीकवार आणि पावसाच्या वर्षागणिक वेगळी काढावी लागते.

नाशिक जिल्ह्यात तर हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. सह्याद्रीला खेटलेल्या इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पूर्वेकडे येवला-नांदगावला जाईपर्यंत तो पाचशेच्या घरात येतो. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या तालुक्यांत भात, नागली, वरई. मध्यभागी दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्यांत द्राक्षे, टोमॅटो, सोयाबीन, गहू आणि गोदावरी-कादवेच्या पाण्यावरचा ऊस. पूर्वेला आणि उत्तरेला मका, कांदा, बाजरी, कपाशी आणि डाळिंब. पंजाबात दोन-तीन आठवड्यांत लाखो हेक्टरांवर एकच एक पेंढा पडतो, तसे इथे कधीच होत नाही. इथे सोयाबीन सप्टेंबरअखेरीस निघते, मका आणि भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऊस थंडीभर, कपाशी डिसेंबरपासून पुढे, गहू मार्च-एप्रिलात. द्राक्षाच्या काड्या वर्षातून दोनदा पडतात. ढीग लहान आहेत, परंतु ते वर्षभर येत राहतात, आणि साठवणीच्या दृष्टीने हा नाशिकचा मोठा फायदा आहे. त्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

अवशेषांची वर्गवारी करताना पिकापेक्षा ते कुठे पडतात हे पाहिले तर काम सोपे होते. काही अवशेष आपोआप एका जागी गोळा झालेले असतात. घोटीच्या भात गिरण्यांतला तूस हे याचे उत्तम उदाहरण. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस असतो, तो कोरडा असतो आणि गिरणीच्या मागे ढीग लागूनच पडतो. त्याला आज गिऱ्हाईक आहे, म्हणून तो ‘शिल्लक’ धरता येत नाही. पण गोळा करण्याचा खर्च नसला की अवशेष किती चटकन इंधन होतो, हे तो दाखवतो. उसाचे चिपाड, म्हणजे बगॅस, याच जातीचे. उसाच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास ते निघते आणि कारखान्याच्या स्वतःच्या बॉयलरमध्ये जाते. दिंडोरी तालुक्यातल्या कादवा सहकारी साखर कारखान्यापासून राज्यातल्या कोणत्याही कारखान्यापर्यंत हेच चित्र आहे.

या गटात नाशिकच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वस्तू मक्याची बिट्टी. येवला, नांदगाव, मालेगाव, चांदवड, बागलाण या पट्ट्यात मका हे खरिपाचे मोठे पीक आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा धान्यावर चालणाऱ्या आसवन्यांची मक्याची मागणी वाढली. मळणीयंत्रातून दाणा एका बाजूला आणि बिट्ट्या दुसऱ्या बाजूला पडतात, तेव्हा शेतकऱ्याने त्या गोळा करण्याचे काम नकळत करून टाकलेले असते. बिट्टी टणक असते, राख कमी सोडते, पेंढ्यापेक्षा कितीतरी कमी जागा घेते, उन्हात लवकर सुकते आणि जनावरांना चारा म्हणून तिची किंमत फारशी नसते. गुळाची भट्टी आणि घरची चूल सोडली तर तिच्यावर कुणाचा मोठा हक्क नाही. मक्याच्या धाटाची गोष्ट वेगळी. ते दुभत्या जनावरांचे खाद्य आहे. आणि जिथे हिरवा मकाच कापून मूरघास केला जातो तिथे मागे धसकटांखेरीज काही राहत नाही. एकाच पिकाचा एक भाग इंधनासाठी योग्य आणि दुसरा अयोग्य, हे ‘मक्याचे अवशेष’ असा एकत्र आकडा मांडला की दिसेनासे होते.

दुसरा गट शेतभर पसरलेल्या अवशेषांचा. भात, गहू, सोयाबीन आणि पाचट त्यात येतात. इगतपुरी-त्र्यंबकचा भात बहुतेक विळ्याने, बुडापासून कापला जातो, त्याच्या पेंढ्या बांधल्या जातात, झोडणीनंतर पेंढा उडवीत रचला जातो. तो शेतात विखुरत नाही, पण त्याला घरी मागणी असते. निफाडच्या गव्हात हार्वेस्टर चालला की काड जमिनीवर पसरते. त्यावर भुसा करणारे यंत्र फिरवले तर चारा मिळतो, नाहीतर काडी लावली जाते. पाचट हेक्टरी आठ-दहा टन पडते, आणि आकड्यांच्या मोहात पडणाऱ्याला ते मोठे घबाड वाटते. वस्तुतः खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर फुटव्यातून घेतलेल्या उसात, पाचट न जाळता सरीत आच्छादन म्हणून ठेवावे, हीच शेतीशास्त्राची शिफारस आहे. ते पाणी धरते, तण दाबते आणि कुजून सेंद्रिय कर्ब देते. जाळले जाणारे पाचट इंधनासाठी नेणे योग्य. आच्छादनाला वापरले जाणारे पाचट उचलून नेणे हे नुकसान आहे, मग त्याला भाव कितीही मिळो.

तिसरा गट लाकडासारख्या अवशेषांचा, आणि इंधनासाठी तो सर्वांत भरवशाचा. कपाशीच्या पऱ्हाट्या गुरे खात नाहीत, त्या लवकर कुजत नाहीत, आणि पुढच्या हंगामापूर्वी शेतातून निघाव्याच लागतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (सिरकॉट) पऱ्हाट्यांपासून बोर्ड, ब्रिकेट आणि पेलेट करण्यावर दीर्घकाळ काम केले आहे. पऱ्हाट्यांच्या बाबतीत संकलनाची तारीख गुलाबी बोंडअळी ठरवते. फरदड, म्हणजे हंगाम लांबवून घेतलेले पीक, न घेता जानेवारीपर्यंत शेत मोकळे करावे आणि पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत, असे कृषी विभाग दरवर्षी सांगतो, कारण उरलेल्या किडक्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते. म्हणजे पऱ्हाटीचा पुरवठा करणाऱ्याने ती उभीच्या उभी साठवायची नाही. शेतातच तिचे तुकडे करून न्यायचे, किंवा निदान बोंडे झटकून त्यांचा नाश करायचा. मालेगाव-येवला पट्ट्यात इंधनाची खरेदी वेळेवर झाली तर ती कीडनियंत्रणालाही मदत करील. उशिरा झाली तर खरेदीदाराचे गोदामच अळीचे माहेर होईल.

द्राक्षाच्या काड्या ही नाशिकची खास वस्तू. जिल्ह्यात सुमारे साठ हजार हेक्टरांवर द्राक्षबागा आहेत आणि बहुतेक बागांची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोड छाटणी. बागलाणात आगाप द्राक्षासाठी ती त्याहून आधी होते. खरड छाटणीत जुन्या काड्या बुडापासून निघतात, म्हणून मोठे वजन तिच्यातच मिळते, आणि तेही ऐन उन्हाळ्यात, जेव्हा काडी आठ-पंधरा दिवसांत वाळते. या काड्या आज काही बागाईतदार यंत्राने बारीक करून ओळीतच आच्छादनाला टाकतात, काही चुलीसाठी देतात, तर अनेक ठिकाणी त्या बांधावर नेऊन पेटवल्या जातात. पिठ्या ढेकूण, खोडकिडा, भुरी यांच्या भीतीने काड्या बागेत ठेवणे अनेकांना नको असते, आणि ती भीती अवाजवी नाही. इंधनासाठी त्या उचलल्या तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. काड्या तारेला बांधताना वापरलेली सुतळी आणि प्लास्टिकची दोरी त्यांच्याबरोबर येते, ती निवडून काढावी लागते. शिवाय बागेवर वर्षभर बोर्डो मिश्रणासारख्या ताम्रयुक्त औषधांच्या फवारण्या झालेल्या असतात, म्हणून या काड्यांची राख तपासल्याशिवाय शेतात परत टाकू नये.

पश्चिमेकडच्या आदिवासी तालुक्यांत आणखी एक हिशेब आहे, तो कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीत पावसाळ्यापूर्वी रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, गवत, काटक्या आणि शेण पसरून जाळतात. यालाच राब म्हणतात. भाजलेल्या त्या तुकड्यावर नागलीची, वरईची, भाताची रोपे तणाशिवाय आणि जोमाने वाढतात. बाहेरून पाहणाऱ्याला तो जाळून फुकट घालवलेला बायोमास वाटतो. ते त्या शेतीचे खत, तणनाशक आणि मशागत एकत्र आहे. राबाला पर्याय देण्याआधी तिथला पाला मोजून नेणे म्हणजे रोपवाटिका उचलून नेण्यासारखे होईल.

संकलनाचे खरे स्वरूप एका साध्या गणितातून समजते. समजा, तासाला एक टन ब्रिकेट पाडणारे यंत्र दिवसाला वीस तास आणि वर्षाला तीनशे दिवस चालवायचे आहे. त्याला वर्षाला सहा हजार टन कोरडा माल लागेल. चारा आणि जमिनीचा वाटा सोडून एकरी पाऊण टन हाती येतो असे धरले तर आठ हजार एकर क्षेत्र हवे. महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. त्यांतल्या दोन एकरांवर ते पीक असेल तर चार हजार शेतकऱ्यांशी व्यवहार करावा लागेल. एका लहानशा यंत्रामागे चार हजार दारे. कारखान्याची यंत्रसामग्री कर्जाने उभी राहते, पण हे चार हजार व्यवहार कोण करणार, याचे उत्तर प्रकल्प अहवालात क्वचितच असते. प्रकल्प अडखळतात ते बहुधा इथेच.

महाराष्ट्राला या कामाचा अनुभव नाही असे नाही. सहकारी साखर कारखान्यांनी सात दशके हेच केले आहे. ऊस जड आणि नाशवंत, शेते लहान, रस्ते कच्चे. तरीही लागवडीची नोंद, तोडणीचा कार्यक्रम, मुकादम आणि त्याची टोळी, बैलगाडीपासून ट्रकपर्यंतची वाहतूक, वजनकाटा आणि पावती अशी साखळी बसवून रोज हजारो टन माल गव्हाणीत पडतो. तोडणी-वाहतूक कारखान्याने आपल्या अंगावर घेतली, हे त्या साखळीचे मर्म आहे. शेतकऱ्याने काडी गोळा करून स्वतःच्या गाडीने आणून द्यावी, अशी अपेक्षा धरली तर ती येणार नाही. मका निघाल्यावर त्याला कांद्याची लागवड गाठायची असते आणि त्या आठवड्यांत गावात मजूर शोधूनही मिळत नाही. उलट कुणी येऊन शेत मोकळे करून देत असेल तर कमी भावातही तो राजी होतो, कारण रोटाव्हेटरची एक पाळी वाचते. द्राक्ष-टोमॅटोसाठी हजारो लहान शेतकऱ्यांना एकत्र बांधणाऱ्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी उत्पादक कंपन्या जिल्ह्यात आहेत. गटनोंदणी, वेळापत्रक आणि बँकेत थेट पैसे या गोष्टी इथल्या शेतकऱ्याला नव्या नाहीत. तोडणी टोळ्यांच्या हालअपेष्टांचा जुना हिशेबही विसरता येत नाही. नवी साखळी बसवताना मजुरी, विमा आणि धुळीपासूनचे संरक्षण पहिल्या दिवसापासून दरात धरायला हवे.

यंत्रांचे काम त्यानंतर येते. पसरलेले काड रेकने ओळीत ओढायचे, बेलरने त्याच्या गाठी बांधायच्या, गाठी ट्रॉलीत चढवायच्या. मोठे बेलर मोठ्या सपाट वावरांसाठी बनलेले आहेत. दोन एकरांच्या, बांधांनी तुटलेल्या तुकड्यात त्यांचा वेळ वळण्यातच जातो. नाशिकला लहान बेलर आणि ट्रॅक्टरवर चालणारे तुकडे करणारे यंत्र अधिक उपयोगी आहे. गाठीत माती किती जाते यावर पुढचे सगळे अवलंबून असते. जमिनीलगत रेक चालवला की माती वर येते, राख वाढते, ब्रिकेटच्या साच्याची झीज होते. धसकटे उपटून नेण्याचा मोह म्हणूनही टाळावा. त्यांच्याबरोबर मातीच विकली जाते.

साठवणीत दोनच शत्रू आहेत, ओल आणि आग, आणि पहिला दुसऱ्याला बोलावून आणतो. गाठीत पंधरा टक्क्यांपर्यंत ओल असेल तर ती महिनोन्‌महिने टिकते. वीसच्या पुढे गेली की बुरशी लागते, गाठ आतून तापते आणि मोठ्या गंजीत हा ताप स्वतःहून पेट घेण्यापर्यंत जातो. नाशिकच्या शेतकऱ्याला हे शास्त्र कांद्याच्या चाळीतून ठाऊक आहे. तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंनी हवा खेळती, वर छप्पर, थराची उंची बेताची: उन्हाळ कांदा ज्या नियमांनी एप्रिलपासून दिवाळीपर्यंत टिकतो, तेच नियम गाठींना लागू आहेत. कांदा संपल्यावर चाळ हिवाळाभर रिकामी असते, आणि मका-कपाशीचे अवशेष नेमके तेव्हाच येतात, त्यामुळे चाळीतच गाठी ठेवाव्यात असे सुचते. हिशेब केला की त्याची मर्यादा कळते. पंचवीस टन कांद्याच्या चाळीत पेंढ्याच्या गाठी जेमतेम पाच-सहा टन मावतात. मग बांबू-लाकडाच्या चाळीला आगीचा धोका, आणि पुन्हा कांदा भरण्यापूर्वी बुरशी व उंदीर काढण्याचे काम उरते. थोड्या बिट्ट्यांसाठी चाळ ठीक आहे, गाठींसाठी नव्हे.

गाठींसाठी गावाच्या गटाला एक वखार लागते. हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. ठाणे-पालघरच्या पट्ट्यात मुंबईच्या तबेल्यांसाठी गवत दाबून गाठी बांधण्याच्या वखारी पूर्वापार चालत आल्या आहेत, आणि हलका माल दाबून, मोजून, छपराखाली ठेवून शहराला पुरवण्याची ती पद्धत जैवइंधनाला जशीच्या तशी लागू पडते. वखारीची जागा उंचवट्यावर, मुरूम टाकून कठीण केलेली, ट्रक पावसाळ्यातही आत येईल अशा रस्त्याला लागून असावी. विजेच्या तारांखाली आणि रोहित्राजवळ ती कधीही नसावी. एकच मोठी गंजी रचण्याऐवजी मध्ये रुंद वाटा सोडून अनेक लहान गंज्या रचाव्यात, म्हणजे एक पेटली तरी बाकीच्या वाचतात. प्रत्येक गंजीला तारीख आणि पिकाचे नाव असावे, जुना माल आधी जावा, आणि लोखंडी सळई आत खुपसून आठवड्याला ताप पाहावा. पाण्याची टाकी आणि पंप हा खर्च वाटतो, पण एका आगीत संपूर्ण वर्षाचा पुरवठा जातो. इगतपुरीच्या पावसात उघड्या गंजीवर ताडपत्री पुरत नाही, तिथे पक्के छप्परच हवे. येवल्यात मात्र जूनपर्यंतचा माल उघड्यावरही राहू शकतो. पाणी लागणे प्रत्येक वेळी वाईटच असते असेही नाही. भाताच्या पेंढ्यात पोटॅश आणि क्लोरीन जास्त असल्याने बॉयलरच्या नळ्यांवर खंगर धरतो. कापणीनंतर एखादी सर खाऊन पुन्हा पूर्ण वाळलेला पेंढा या बाबतीत जरा बरा जळतो, हा अनुभव डेन्मार्कसारख्या पेंढा जाळणाऱ्या देशांनी नोंदवून ठेवला आहे.

पुरवठ्याची अडचण मुख्यतः घनतेची आहे. कोरड्या काडीत किलोमागे साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता असते. वजनाला वजन लावले तर ती देशी कोळशाच्या फार मागे नाही. पण सुटा पेंढा घनमीटरला पन्नास किलोच्या आसपास भरतो, गाठ शंभर ते दोनशे किलो, आणि ब्रिकेट किंवा पेलेट सहाशेच्या पुढे. सोळा टन नेऊ शकणाऱ्या ट्रकमध्ये सुटा पेंढा कितीही चेपून भरला तरी दोन-तीन टनांपुढे जात नाही, आणि डिझेल मात्र संपूर्ण ट्रकचे जळते. म्हणून सुटा माल गावाबाहेर जाऊ नये, गाठ तालुक्याबाहेर जाऊ नये, आणि लांबचा प्रवास फक्त ब्रिकेट-पेलेटने करावा, असा ढोबळ नियम धरता येतो. दाबण्याचे काम कच्च्या मालाजवळ व्हायला हवे ते याच कारणाने.

मोठ्या प्रकल्पांची भूक किती असते ते पाहिले की नाशिकसाठी कोणता मार्ग शहाणपणाचा, हे ठरवता येते. हरियाणात पानिपतला इंडियन ऑइलचा दुसऱ्या पिढीचा इथेनॉल प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झाला, त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला तीन कोटी लिटर इथेनॉलसाठी त्याला दोन लाख टन पेंढा लागतो. पंजाबात संगरूर जिल्ह्यातल्या लेहरागागा इथल्या सीबीजी प्रकल्पाची गरज वर्षाला एक लाख टन पेंढ्याची आहे आणि त्यातून दिवसाला ३३ टन वायू अपेक्षित आहे. तिथे एकाच पिकाचा पेंढा दहा किलोमीटरच्या परिघात मिळू शकतो. नाशिक जिल्ह्यात तेवढा एकजातीचा आणि खरोखर शिल्लक असलेला माल एका जागी मिळण्याची शक्यता नाही. जिल्ह्यातच एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र आहे, २१० मेगावॉटचे तीन संच. ते भरपूर चालले तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास कोळसा लागतो. त्याचे पाच टक्के म्हणजे रोज पाचशे टन पेलेट, वर्षाला दीड लाख टनांच्या पुढे. वर हिशेब केलेली सहा हजार टनांची पंचवीस यंत्रे त्यासाठी लागतील, आणि जिल्ह्यात तालुके पंधरा आहेत. शिवाय तिथे ब्रिकेट चालत नाही. कोळशाबरोबर दळला जाणारा, ठरलेल्या आकाराचा आणि ओलीचा पेलेटच लागतो. हा ग्राहक मोठा आहे, पण सुरुवात त्याच्यापासून करणे म्हणजे पहिल्याच पायरीवर जिना चढून जाण्याची अपेक्षा धरणे होय.

जवळचा ग्राहक लहान आहे. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी या औद्योगिक वसाहतींतले वाफेचे बॉयलर, मालेगावच्या यंत्रमागांना सूत पुरवणाऱ्या सायझिंगच्या भट्ट्या, दूध आणि फळप्रक्रियेचे कारखाने. यांना दिवसाला काही टन इंधन लागते, ब्रिकेट चालतो, आणि वखारीपासून अंतर चाळीस-पन्नास किलोमीटरच्या आत राहते. त्यांच्याशी करार करताना टनाचा भाव लिहिणे पुरेसे नाही. ओल किती टक्के, राख किती, त्याहून जास्त निघाली तर कपात किती आणि तपासणी कोणाच्या काट्यावर, हे आधी ठरले नाही तर पहिल्याच पावसाळ्यात भांडण होते. शेतकऱ्याकडून घेतानाही हाच न्याय असावा. ओल्या मालाला कोरड्याचा भाव दिला की कोरडा माल आणणारा पुढच्या वर्षी येत नाही.

या सगळ्यावर दुष्काळाचे सावट कायम असते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. अशा वर्षी चारा जिल्ह्याबाहेर नेण्यावर प्रशासन बंदी घालते, कडबा सोन्याच्या भावाने जातो, आणि ज्या मक्याच्या धाटाला गेल्या वर्षी कुणी विचारत नव्हते ते धाट दावणीला पोहोचते. हे योग्यच आहे. जनावराच्या तोंडातला घास काढून बॉयलरला घालणारा कोणताही करार गावात टिकणार नाही आणि टिकूही नये. त्यामुळे पुरवठ्याचा करार दोन थरांचा असावा लागतो: पऱ्हाट्या, द्राक्षकाड्या आणि बिट्ट्या हा दुष्काळातही मिळणारा पाया, आणि भुसा-पेंढा हा फक्त बरकतीच्या वर्षातला वरचा थर. जमिनीचा हिस्साही याच रीतीने धरावा लागतो. एक टन भाताच्या पेंढ्याबरोबर पंधरा ते वीस किलो पोटॅश शेताबाहेर जाते. ते खताच्या गोणीतून विकत घ्यावे लागणार असेल तर पेंढ्याच्या भावातून तेवढी किंमत आधीच वजा झालेली असते. वायू प्रकल्पातून निघणारे सेंद्रिय खत त्याच गावांत परत गेले तर हा तोटा बराचसा भरून निघतो. जाळून उरलेल्या राखेतून पोटॅश मिळते, कर्ब मिळत नाही.

नाशिकमध्ये सुरुवात कुठून करावी, याचे उत्तर या मांडणीत जवळजवळ येऊनच जाते. येवला-नांदगाव-मालेगावच्या मका पट्ट्यात बिट्ट्यांची एक वखार, निफाड-दिंडोरीत द्राक्षकाड्यांची एक, दोन्हींत लहान ब्रिकेट यंत्र, आणि ग्राहक पन्नास किलोमीटरच्या आतला. कडबा, राबाचा पाला आणि खोडव्यातले पाचट या यादीत नसावे. मक्याची मळणी दिवाळीच्या पुढेमागे होते आणि बिट्ट्यांचे ढीग त्यानंतर महिनाभरच जागेवर मिळतात, म्हणून अशा वखारीचा पत्रा त्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वीच चढलेला असावा लागतो.